तुमचा ऑफ आणि माझा ऑफ

अहो,

आतल्या खोलीत एक्केचाळीस दिवस वीज नव्हती. पॅसेजमधल्या बोर्डावर तुमची लाल पाटी लटकत होती. 'ऑफ. माणूस काम करत आहे.' खाली तुमचं नाव आणि तुमचा कंपनीतला हजेरीचा तिकीट नंबर.

नितीन तेरा दिवस इथे होता. आपल्या मुलालाही मी त्या पाटीला हात लावू दिला नाही. "आई, फक्त एक स्विच वर करायचाय," तो म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे." त्याला वाटलं, दुःखात माणूस असं काहीतरी धरून बसतो. त्याने वाद घातला नाही. पण ते तसं नव्हतं. खरं कारण तुम्हाला आणि मलाच माहीत होतं. कालपर्यंत ते जाणणारी मी एकटी उरले होते, आणि एकटीने जाणण्यासारखी ती गोष्ट नाही.

म्हणून लिहायला बसले. बोलते आहे तुमच्याशी, पण वाचणार आहेत नितीनची मुलं, इरा आणि नील, तिकडे मेलबर्नला. इरा अडखळत का होईना मराठी वाचते, नीलला ती वाचून दाखवेल. तेव्हा सोपं लिहायचं आणि क्रमाने लिहायचं असं ठरवलं आहे. तुम्ही हसाल. माझ्या मसाल्याच्या बरण्यांवरसुद्धा क्रमांक आहेत म्हणून तुम्ही मला आयुष्यभर हसलात.

सुरुवात इराच्या वहीपासून करते. गेल्या वर्षी तिच्या शाळेत सांगितलं होतं, एखादा छोटासा इंग्रजी शब्द निवडा, आणि तुमचे आजी-आजोबा तो कुठे कुठे वापरतात ते विचारून या. तिने 'ऑफ' निवडला. म्हणाली, "आजोबा फोनवर दहा वेळा ऑफ म्हणतात." मग मीही इकडे एक वही केली. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'आजोबांचा ऑफ', उजवीकडे 'आजीचा ऑफ'. तुमचा रकाना तुम्ही एका ओळीत संपवलात. "ऑफ म्हणजे आत हात घातला तरी माणूस जिवंत राहतो. लिही. पुढे काही नाही."

मी तीस वर्षं उल्हासनगरच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली. मी काय ऐकणार? मी सांगितलं की गजर वाजला, तर इंग्रजीत गजर 'ऑफ' गेला म्हणतात. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात.

"ऑफ गेला तर वाजेल कसा?"

"तशी बोलायची पद्धत आहे."

"कुणाची पद्धत? त्या माणसाला कधी शॉक बसलेला दिसत नाही."

तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर तिकडून नील ओरडला, "आजोबा, आमच्याकडे दूध पण ऑफ होतं!" दूध नासलं की तिथे तसंच म्हणतात. तुम्ही दोन्ही हात जोडलेत. "गजर ऑफ झाला की वाजतो आणि दूध ऑफ झालं की फाटतं. सूनबाई, त्या देशात मेन स्विच जरा जपून हाताळा गं." सून हसून हसून खुर्चीतून उठली होती.

तो वाद तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत. रोज सकाळी साडेपाचला गजर वाजला की डोळे मिटूनच म्हणायचात, "मास्तरीणबाई, तुमचं घड्याळ ऑफ झालं." मी चिडायचे. आता गजर वाजतो, मी तो बंद करते, आणि थोडा वेळ तशीच पडून राहते. चिडायचं कुणावर?

माझ्या रकान्यात मी बरंच लिहिलं होतं. शाळेतला ऑफ पीरियड, म्हणजे माझ्या दिवसातली ती एकमेव पस्तीस मिनिटं, जेव्हा मला कुणी 'मिस, मिस' म्हणत नसे. दहावीच्या मुलांचा सेंड ऑफ, त्यात रडणाऱ्या मुली आणि समोशांचा वास. अकरावीच्या प्रवेशाचा कट ऑफ, ज्याच्यापायी नितीन दोन दिवस जेवला नव्हता. भिंतींचा ऑफ व्हाईट, ज्याला तुम्ही 'मळका पांढरा' म्हणत होता आणि रंगाऱ्यालाही तसंच सांगत होता. नितीन पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हाचा टेक ऑफ. आपण दोघं गच्चीवर जाऊन उभे राहिलो होतो, जणू ते विमान अंबरनाथवरूनच जाणार होतं. एक लांबचं विमान दिसलं, तुम्ही हात हलवलात. मी म्हटलं, "ते त्याचं नसेल." तुम्ही म्हणालात, "कुणाचा तरी नितीन असेलच की आत."

एक शब्द मात्र आपल्या दोघांच्याही रकान्यात बसला. साप्ताहिक ऑफ. मुलांनो, इथल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी आणि शाळेला रविवारी. आजोबांचा ऑफ शुक्रवारचा, आजीचा रविवारचा. सत्तावीस वर्षं आम्हा दोघांना एकत्र सुट्टी अशी मिळालीच नाही, सणवार सोडून. शुक्रवारी संध्याकाळी मी शाळेतून यायचे तेव्हा घरातलं काही ना काही दुरुस्त झालेलं असायचं. नळ गळायचा थांबलेला, मिक्सरचं पातं घट्ट झालेलं, माझ्या पर्सची चेनसुद्धा. तुम्ही सांगायचा नाहीत काय केलंत. मी घरभर फिरून शोधायचं. रविवारी तुम्ही कामावर गेलात की मी तुमचे डबे, सदरे, कागद लावून ठेवायचे. ते तुम्ही शोधायचं. असा आमचा संसार, एकमेकांच्या सुट्टीत एकमेकांसाठी काहीतरी करून ठेवण्याचा. निवृत्तीनंतर सगळेच वार मोकळे झाले, तरी दुरुस्तीचं काम तुम्ही शुक्रवारीच काढायचात. आणि मोठ्या रुबाबात बोर्डावर लाल पाटी लावायचात.

त्या पाटीचा नियम तुम्ही आम्हाला पाठ करून घेतला होता. कंपनीत यंत्राच्या आत हात घालण्याआधी प्रत्येकाने स्विच ऑफ करून त्यावर आपल्या नावाची पाटी लावायची. ज्याने लावली त्यानेच काढायची. मालक आला तरी दुसऱ्याने काढायची नाही. घरात साधा बल्ब बदलायचा तरी तुम्ही ती लावत होता. मी म्हणायचे, "चाळीस वॅटच्या दिव्यासाठी एवढा थाट!" तुम्ही म्हणायचात, "वीज दिव्याकडे बघून चावत नाही."

आता ते लिहायला हवं, जे मी वहीत लिहिलं नाही.

नितीन चौथीत होता. कंपनीत ले ऑफ जाहीर झाला आणि तुम्ही पाच महिने घरी बसलात. तुम्ही तो शब्द कधी तोंडून काढला नाहीत. जिन्यात कुणी विचारलं की म्हणायचात, "सध्या रोजच शुक्रवार आहे." जवळच्या बुवापाड्यातून, उल्हासनगरच्या कॅम्पांतून लोक जळलेले पंखे आणून देत, तुम्ही ते दिवाणखान्यात मांडून बसत होता. माझी शाळा तेवढी चालू होती. त्या दिवशी तपासणीला अधिकारी येणार होते. मला साडीला इस्त्री करायची होती आणि घरात वीज नव्हती. पॅसेजमध्ये बघते तर मेन स्विच खाली, त्यावर तुमची पाटी. तुम्ही दिसला नाहीत. चपला दाराशी नव्हत्या. मला वाटलं, तुम्ही खाली काही आणायला गेलात आणि पाटी काढायला विसरलात. मी पाटी काढली आणि स्विच वर केला.

चपला तुम्ही गॅलरीत वाळत घातल्या होत्या. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराआड स्टुलावर उभे होता. दोन्ही हात तिथल्या बोर्डात.

स्टूल पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही भिंतीवर आपटून खाली बसला होता. कोपर फाटलं होतं, ओठ पांढरे. मी धावत आले. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "एक हाक तरी मारायचीस."

आणि मी काय म्हणाले? घाबरले होते, हे खरं. पण घाबरलेलं माणूसही मनातलंच बोलतं. मी म्हणाले, "शाळेला उशीर होत होता. एकाची तरी नोकरी टिकायला हवी ना."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि कोपराला फडकं बांधलंत. मग ती पाटी उचलून पुन्हा लावलीत, काम पुरं केलंत, स्वतःच्या हाताने काढलीत. मी न इस्त्री केलेली साडी नेसून शाळेत गेले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्या तासाचं कौतुक केलं. घरी येऊन ते मी तुम्हाला सांगितलं नाही. चुकले, असंही म्हटलं नाही. आधी वाटलं, रात्री जेवताना म्हणू. मग रविवारी म्हणू. मग कंपनी सुरू झाली, आणि तुम्ही पुन्हा हसायला लागलात, आणि मला वाटलं की आता जुनी गोष्ट कशाला उकरायची. नितीनने कोपराच्या खुणेबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कंपनीत लागलं." मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं, पण तोंड उघडलं नाही. तुमच्या पाटीला मात्र मी त्यानंतर कधी हात लावला नाही.

मुलांनो, तुमचा सुट्टीत यायचा बेत ठरला तेव्हा आजोबांनी आतल्या खोलीचं काम काढलं. तिथला पंखा खडखडायचा. मागच्या वेळी इराने तो आवाज फोनमध्ये भरून नेला होता आणि वर्गात 'आमच्या आजोबांचं हेलिकॉप्टर' म्हणून ऐकवला होता. आजोबांना ते लागलं. विजेच्या माणसाच्या घरात पंखा खडखडतो म्हणजे काय? आम्ही दोघं उल्हासनगरच्या बाजारात रेग्युलेटर आणायला गेलो. दुकानावर ही मोठी पाटी, 'पन्नास टक्के ऑफ'. आजोबांनी त्या सिंधी दुकानदाराला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ऑफ लिखा है. चालू होगा क्या?"

दुकानदारही तयारीचा. "साईं, ऑफ दाम में है. माल तो एकदम ऑन है!"

"और नहीं चला तो?"

"तो आप मेरे को ऑफ कर देना!"

येताना रिक्षात तुम्ही ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलंत. मी म्हटलं, "पुरे. अशुभ." आपल्याकडची मुलं एखादा गेला की सरळ 'ऑफ झाला' म्हणतात, ते मला मुळीच आवडत नसे. तुम्ही म्हणत होता, वहीत तेही लिही. मी म्हणत होते, मुळीच नाही, लहान मुलं वाचणार आहेत. वहीतला तो आपला शेवटचा वाद.

मग शुक्रवार आला. सकाळी नऊला तुम्ही पाटी लावलीत. अकरापर्यंत आतून शीळ ऐकू येत होती. मग तुम्ही हात धुतलेत. मी चहा ओतला होता.

"चहा गार होतोय."

"पाटी काढून आलोच."

"आधी चहा घ्या. पाटी काही पळून जात नाही."

तुम्ही माझं ऐकलंत. टेबलाशी बसलात. दोन घोट घेतलेत, म्हणालात, "आज जरा दमल्यासारखं झालं." मी साखरेची बरणी जागेवर ठेवायला वळले. तेवढाच वेळ. क्रमांक चार, वरच्या फळीवर. परत वळले तेव्हा तुमचा हात कपाभोवती तसाच होता, आणि तुम्ही नव्हता.

त्यानंतरचं तुम्हाला काय सांगायचं. नितीन आला, सगळं रीतीप्रमाणे झालं, तो गेला. खालच्या मजल्यावरचा चिन्मय जिन्यात फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे तिसऱ्या माळ्यावरचे आजोबा ऑफ झाले." मला पाहिलं आणि त्याने जीभ चावली. शाळेत असते तर मी त्याचं वाक्य सुधारलं असतं. मी फक्त म्हटलं, "हो रे. शुक्रवारी." आणि वर आले.

वहीच्या वादात तुमची बाजू जिंकली, असं समजा.

घर फार मोठं झालं आहे. एकाच माणसाची भांडी इतकी लवकर घासून होतात की उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं ते कळत नाही. शुक्रवारी तर मी अजूनही घरभर फिरते, काय दुरुस्त झालंय ते बघत. काहीही झालेलं नसतं. शिवमंदिराकडून येणारे लोक खिडकीखालून बोलत जातात. त्यांच्यात तुमच्यासारखा खाकरणारा एकजण आहे. मी आता त्याची वेळ पाठ केली आहे, हे मला आवडत नाही.

गेल्या आठवड्यात नितीनचा फोन आला. "आई, या वेळी आम्ही बदलापूरला शालूमावशीकडे उतरतो. तिच्याकडे लिफ्ट आहे, खोल्या आहेत. तूही तिथेच राहायला ये. आत त्या खोलीत लाईट नाही, तुला इलेक्ट्रिशियन घरात येऊ द्यायचा नाही. मुलं झोपणार कुठे?" मागून इराचा आवाज आला, "पण बाबा, आमची खोली!" आणि मग नितीनने फोनवर हात ठेवला.

माझ्या बहिणीचं घर चांगलं आहे. ती मनापासून बोलावते. पण तुम्ही शिडीवर चढला होता ते बदलापूरच्या खोलीसाठी नव्हे. मुलं इथे आली नाहीत तर तुमचं शेवटचं काम कुणासाठी होतं? आणि ती इथे यायची तर पाटी काढायला हवी. आणि पाटी मी काढायची नाही. मी तर नाहीच नाही. चार दिवस मी हेच उलटसुलट करत होते.

मग काल भोईर आले. मुलांनो, भोईर म्हणजे आजोबांच्या हाताखाली काम शिकलेले, पुढे त्यांचेच जोडीदार झालेले. गावाकडचे आहेत, शेती अजून करतात. पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन आले. पाणी प्यायले आणि पॅसेजमधून जाताना थबकले.

"वयनी, सायबांची पाटी अजून लटकते?"

"नियम आहे ना तुमचा. ज्याने लावली त्याने काढायची."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "त्या नियमाला पुढचं कलम पन हाय. तुमाला नाय सांगितलं कधी सायबांनी?"

"कसलं कलम?"

"मानूस पाटी काढायची इसरून घरी गेला तर काय करायचं, त्याचं. रोज कुनी ना कुनी इसरायचा. म्हनून सायबांनीच लिवून काढलेलं. आदी सगळीकडं बघायचं, मानूस आत नाय ना. मग घरी फोन लावायचा. मग यंत्राजवल उभं रावून नाव घेऊन तीन हाका मारायच्या. ओ नाय आली तर दोगांनी सह्या करायच्या, पाटी काढायची. आनि ती फेकायची नाय. जपून ठेवायची. मानूस परत आला का त्याच्या हातात द्यायची."

"तीन हाका कशाला? सगळीकडे बघितलेलं असतं ना?"

"आमी पन तेच इचारलेलं. तर सायब बाही वर करून कोपर दाखवायचे. म्हनायचे, एका नवशिक्यानं मना हाक न मारता स्विच वर केला होता. त्याची काय चूक नव्हती, त्याला कुनी शिकवलंच नव्हतं. म्हनून हे कलम टाकलंय." भोईर हसले. "आमी लय इचारलं, कोन तो नवशिक्या, त्याला बघतो. पन नाव नाय सांगितलं कदी."

मी भोईरांना म्हटलं, "ती मी."

असं तोंडातून निघून गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मग सगळंच सांगितलं. साडी, चपला, आणि मी काय बोलले तेही. भोईरांनी ऐकून घेतलं, शेंगांची पिशवी उगाच सरळ केली. शेवटी म्हणाले, "त्याची काय चूक नव्हती असंच म्हनायचे सायब. दर येळी. मी पदरचं घालून नाय सांगितलं, वयनी."

मग ते उठले. "चला. कलमापरमानं करू."

आम्ही दोघांनी घर बघितलं. खरोखर बघितलं. गॅलरी, न्हाणीघर, स्वयंपाकघराच्या दाराआड. तिथे मी जरा जास्त वेळ थांबले. आतल्या खोलीत शिडी होती तशीच भिंतीला टेकलेली. भोईरांनी शिडीवर चढून, बॅटरी धरून सगळं तपासलं, रेग्युलेटर खोलला, पुन्हा बसवला. "काम पुरं हाय," ते वरूनच म्हणाले. "सगळे स्क्रू टाईट. नुसतं चालू करायचं राहिलेलं."

म्हणजे तुम्ही काम संपवून आला होता. पाटी काढून आलोच म्हणालात, ते त्यासाठीच.

"आता घरी फोन," भोईर म्हणाले आणि थांबले. "घर तं ह्येच." मग त्यांनी तुमच्या मोबाईलवर लावला. फोन टेबलाच्या खणात आहे, हे दोघांनाही माहीत होतं. तरी आम्ही कान देऊन ऐकलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत तो स्विच्ड ऑफ होता.

"आता हाका. तुमी मारा."

मी बोर्डासमोर उभी राहिले. म्हटलं, "अहो."

भोईरांनी मान हलवली. "अहोला कुनी पन ओ दील, वयनी. नाव पायजे. कलमात नाव लिवलंय."

एकोणपन्नास वर्षांत मी तुम्हाला नावाने हाक मारली नाही. उखाण्यापुरतं घेतलं, फॉर्मवर लिहिलं, बस्स. स्टाफरूममध्ये सगळ्या हसायच्या, इंग्रजी शिकवते आणि नवऱ्याला अहो! तुम्ही एकदा म्हणाला होता, "कधीतरी घेऊन बघ, काही झिजणार नाही." मी म्हटलं होतं, "इश्श." हेही राहिलेलंच.

शाळेत मी हजारो नावं घेतली आहेत. रोज सकाळी हजेरीला, एकेक, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. नाव घेतल्यावर किती थांबायचं हे मला ठाऊक आहे. मी पदर सारखा केला आणि तसंच घेतलं.

"मनोहर."

आणि थांबले.

"मनोहर."

खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. भोईर जमिनीकडे बघत होते.

तिसऱ्या वेळी आवाज हजेरीचा राहिला नाही. "मनोहर, ऐकताय ना? मी पाटी काढतेय."

नेहमीपेक्षा जास्त थांबले. शाळेत एवढं थांबलं की मुलं चुळबुळ करायला लागतात.

मग आपल्या 'ऑफ'च्या वहीचं मागचं पान काढलं. त्यावर आम्ही दोघांनी सह्या केल्या, भोईरांनी इंग्रजीत, मी मराठीत. पाटी काढली आणि स्विच वर केला. भोईरांनी आत जाऊन पंखा लावला. मी पॅसेजमध्येच उभी होते. काही ऐकू येईना. मला वाटलं, बिघडलाय. आत डोकावले तर पंखा गरगरा फिरत होता, चादरीचं टोक उडत होतं. आवाज कसलाच नव्हता.

नितीनला फोन करून सांगितलं, खोली तयार आहे, सगळ्यांनी इथेच उतरायचं. लिफ्ट नसली तर नसली, जिने चढायचे. इराला सांग, हेलिकॉप्टर आता ऐकू येणार नाही.

पाटी पुसून तुमच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लावली आहे. ती तुमच्या हातात द्यायची आहे, हे मी नीट लिहून ठेवलं आहे. आणि त्या वेळचं जे सांगायचं होतं ते आता हे, मुलांसमोर. मी चुकले होते. हाक मारायला हवी होती.

या वेळी मारली. तीनदा. आणि थांबले होते.